पुरात बुडालेली गाडी ‘ऑफरोडची’ म्हणून माझ्या गळ्यात मारली : सांगलीकडच्या रायडर मित्रांनी इसार देण्याआधी वाचावं

सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर या पट्ट्यात कुणी जुनी ऑफरोड, म्हणजे मातीच्या-कच्च्या रस्त्यांवर घालायची मोटारसायकल घ्यायच्या विचारात असेल, मग ती एक्सपल्स असो, हिमालयन असो की जुनी इम्पल्स, त्यानं व्यवहाराला बसायच्या आधी हे सगळं वाचावं. मित्र घेणार असेल तर त्याला पाठवावं.

मला विकली गेली ती पुरात बुडालेली गाडी. विकणाऱ्यानं जी युक्ती वापरली ती आपल्यासारख्या मातीत गाडी घालणाऱ्यांवरच चालते. साध्या कम्युटर गाडीच्या हेडलाइटमध्ये माती दिसली तर कुणीही विचारेल, ही आली कुठनं? ऑफरोडच्या गाडीला तो प्रश्न कुणी विचारत नाही. ‘दादा, रायडरची गाडी हाय, चिखल असणारच की,’ एवढं म्हटलं की विषय मिटतो. गंजलेला बोल्ट, वाकलेला लिव्हर, घट्ट झालेलं हँडल, सगळ्याला तेच एक उत्तर.

अशा गाड्या आपल्याकडं का फिरतात ते आधी सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. जुलै 2021 मध्ये परत 54 फुटांच्या पुढं. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, हरिपूर, सांगलीवाडी, नदीकाठची गावं, सगळीकडं दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. विम्यात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. पण बऱ्याच वेळा गाडी भंगाराच्या भावात जाते, आरसी जिवंत राहते, आणि काही वर्षांनी तीच गाडी धुऊनपुसून बाजारात उभी राहते. पुरात ज्यांचं नुकसान झालं त्या मूळ मालकांबद्दल माझी काही तक्रार नाही. मधल्यांबद्दल आहे.

माझी गाडी एक्सपल्स 200, 2020 चं बीएस 6 मॉडेल, एमएच 10 पासिंग. गाडी म्हणून ती फार चांगली आहे, कंपनीचा यात काही दोष नाही. पुढं 21 इंची चाक, मागं 18 इंची, 220 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आणि या किमतीत मातीत घालायला दुसरं काय मिळतं? आमच्या ग्रुपमधल्या दोघांकडं तीच आहे. विकणारा जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा माणूस, स्वतःची जागा, ओळीनं लावलेल्या गाड्या, बोलायला गोड. किंमत ठरली 90 हजारांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या चालू भावातच. फार स्वस्त असती तर शंका आली असती.

तपासणी नीट झाली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘बघून घ्यायची ना’ असं म्हणणारे भेटतातच. आमच्यातला एक गॅरेजचं काम जाणणारा सोबत होता. थंड इंजिन सेल्फला एका टिचकीत लागलं. धूर नाही. ट्रायल मारली, गिअर मऊ. ऑइल स्वच्छ, चेन सॉकेट नवं, एअर फिल्टर नवा, पुढच्या शॉकअपला गळती नाही. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला : फर्स्ट ओनर, कर्ज नाही, चलन नाही, विमा चालू. त्या ॲपवर मालक दिसतो, बोजा दिसतो, विम्याची तारीख दिसते. गाडी पाण्याखाली होती का, ते दिसत नाही. पाणी ज्या भागांतनं पहिल्या पंधरवड्यात त्रास देतं ते सगळे भाग त्यानं बदलले होते आणि जे वर्षभरानं त्रास देतात ते तसेच झाकून ठेवले होते. इतक्या विचारानं केलेली ही फसवणूक होती.

हेडलाइटच्या काचेत खाली थोडी माती दिसली, तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. ‘आधीचा मालक दर रविवारी गुढे-पाचगणीला जायचा, शिराळ्याकडं. पठारावरची माती हाय.’

घेतल्यावर पहिले काही महिने गाडी बरी चालली. आम्ही दंडोब्याच्या बाजूचे मातीचे रस्ते, खानापूर-विट्याकडचं माळरान असं फिरत होतो. मग बारीक बारीक कुरबुरी सुरू झाल्या. न्यूट्रलचा दिवा मधेच लुकलुकायचा. सकाळी मीटरच्या काचेवर आतनं वाफ धरायची. उभं राहून चालवताना हँडल मधोमध आलं की किंचित अडायचं. यातलं प्रत्येक दुखणं एरवीही ऑफरोडच्या गाडीला होतं, म्हणून सर्व्हिसिंग करून घेतलं आणि पुढं चाललो.

मग गुढे-पाचगणीलाच गेलो. पवनचक्क्यांच्या पठारावरनं खाली उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये, मीटर एकदम काळं पडलं आणि इंजिन बंद. सुट्या मुरमावर, उतारावर, गिअर पडलेला असताना इंजिन गेलं की मागचं चाक धरत नाही, सरळ बाजूला निघतं. उजव्या अंगावर पडलो. गुडघ्याला आणि कोपराला गार्ड होते म्हणून निभावलं. मागनं येणाऱ्यानं अंतर ठेवलं होतं, नाहीतर तो माझ्या अंगावर आला असता. (जाता जाता : त्या बाजूला जाणाऱ्यांनी रुळलेला रस्ता सोडू नये. पुढं चांदोलीचं राखीव जंगल आहे, तिथं गाडी घालायची नाही म्हणजे नाही.)

फ्यूज बघितला, ठीक. बॅटरी ठीक. मग हेडलाइटचं कव्हर काढून आतला मोठा कपलर, म्हणजे वायरी जिथं जोडतात तो प्लग, ओढला. पिना हिरव्यागार. आणि कपलरच्या खोबणीत गाळ. बोटावर घेतला तर गव्हाच्या पिठासारखा मऊ, रंगानं काळा.

आमच्या बुटांना लागलेली माती तांबडी होती. अख्खं पठार जांभ्याचं. टायरात तांबडी, चेनवर तांबडी, इंजिनच्या खालच्या प्लेटवर तांबडी. ज्या पठारावरची माती म्हणून त्यानं सांगितली होती तिथंच आम्ही उभे होतो आणि गाडीच्या पोटातनं काळा पोयटा निघत होता.

गाडी टेम्पोत घालून सांगलीला आणली. आमचे मिस्त्रीमामा जुने आहेत, त्यांनी एकदाच बोटावर चोळून बघितलं. ‘नदीचा गाळ हाय ह्यो. 2005 च्या पुरापास्नं असल्या गाड्या बघतोय मी.’ मग टाकी उतरवली आणि मला जे दाखवलं ते इथं लिहितोय, कारण सगळ्यांना कळायला पाहिजे ते हेच आहे. टाकीखाली फ्रेमची पट्टी आहे, तिच्या वरच्या अंगावर गाळाचा सपाट थर बसला होता. खालच्या अंगाला काही नाही. मामा म्हणाले, ‘चिखल खालनं उडतोय, गाळ वरनं बसतोय.’ गाडी चिखलात चालवली तर माती चाकानं फेकलेली असते, ती मडगार्डच्या पोटाला, इंजिनच्या खाली, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या बाजूला आदळते, जाडसर असते, खडा असतो. पुराचं पाणी गाडीभोवती उभं राहतं आणि ओसरताना जो बारीक गाळ सोडतं तो आतल्या प्रत्येक आडव्या जागेवर वरनं बसतो. जिथं चाकाचा चिखल कधीच पोचणार नाही तिथंही.

पुढं एकेक उघडत गेलो. बॉल रेसरमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खाचा होत्या. खालच्या रेसला खाचा पडणं आपल्या गाड्यांत नेहमीचं, उड्या मारून पडतात. इथं वरची रेसही तांबारलेली, ग्रीसचा पत्ता नाही. स्विंगआर्मचा बोल्ट तापवल्याशिवाय निघेना. हॉर्न उघडला, गाळ. वायरिंगवरची टेप नवीकोरी होती, ‘एक्स्ट्रा लाइट बसवले होते’ असं त्यानं सांगितलं होतं. ती सोडून एक वायर सोलली तर आतलं तांबं काळं. पाणी वायरच्या टोकातनं कव्हरच्या आत ओढलं जातं आणि मधल्या लांबीपर्यंत जातं, म्हणून कपलर पुसून किंवा एखादी वायर जोडून हे दुखणं जात नाही. सगळं वायरिंगच बदलावं लागतं. दुरुस्तीचा एकूण अंदाज गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला.

न उघडता काय बघता येतं, हे मी मामांना खोदून खोदून विचारलं. सीट काढून उलटी करा. कव्हर जिथं ठोकलेलं असतं तिथल्या बारीक पिना बघा. पावसात, ओढ्यात फिरलेल्या गाडीच्या एखाद-दोन पिना गंजतात, बुडालेल्या गाडीच्या सगळ्या. स्पंज दाबून वास घ्या. टूलकिट मागा, पाने-पक्कड नदीत पडलेली असली तर लपत नाही. इंडिकेटरच्या आत, मागच्या रिफ्लेक्टरच्या मागं, बॅटरीच्या कप्प्याच्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारा. टाकी थोडी वर उचलू द्या म्हणा. ‘एवढं कशाला?’ असं जो म्हणेल त्याच्याकडनं गाडी घेऊ नका. आणि जी बाहेरनं चिखलानं माखलेली, पण वायरिंगची टेप चकचकीत काळी आहे, ती गाडी बघताना जास्त वेळ काढा.

आपण स्वतः गाडीची देखभाल करतो, म्हणून हे ओळखणं आपल्याला खरं तर सोपं जावं. राइडवरनं आल्यावर चेन डिझेलनं धुऊन 90 नंबरचं ऑइल सोडणं, फिल्टर झटकणं, ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलणं, वॉशिंगच्या प्रेशरचं पाणी बेअरिंगवर आणि कपलरवर थेट न मारणं, हे करणाऱ्याला आपल्या गाडीत माती कुठं कुठं साठते ते पाठ असतं. घेताना त्याच जागा बघू नका. जिथं आपल्या गाडीत कधीच माती सापडत नाही तिथं बघा.

कागदात एक जागा आहे जिथं पूर सापडतो : अधिकृत सर्व्हिस सेंटर. आरसी घेऊन गेलो, गाडी माझ्या नावावर झालेली होती म्हणून त्यांनी जुनी नोंद दाखवली. जुलै 2021 नंतर गाडी टेम्पोतनं आली होती, इस्टिमेट निघालं होतं, काम न करता परत गेली होती. त्या नोंदीतलं किलोमीटर माझ्या मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त. म्हणजे मीटरही बदललेलं. तेव्हा व्यवहाराआधीच मूळ मालकाला किंवा विकणाऱ्याला सोबत घेऊन सर्व्हिसची हिस्टरी काढा. आरसीवरचा पत्ता पूरपट्ट्यातला आहे म्हणून गाडी बुडालीच असं समजू नका, कितीतरी लोकांनी गाड्या वेळेत उंचावर नेऊन लावल्या होत्या. नोंद काय म्हणते ते बघा.

विकणाऱ्याकडं गेलो तेव्हा त्याची भाषा बदलली. ‘घेताना बघूनच घेतली न्हवं?’ पावतीवर ‘जशी आहे तशी’ असा शिक्का, तोच दाखवत राहिला. आमच्या वकिलांचं म्हणणं असं की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही भारतीय करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे फसवणूकच, शिक्क्यानं ती धुऊन निघत नाही. फौजदारी बाजूला फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर 1915 या हेल्पलाइनवरनं सुरुवात करता येते, पुढं जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत 2 वर्षं. हे व्यापाऱ्याकडनं घेतलेल्या गाडीला लागू, दोन मित्रांतल्या व्यवहाराला असं जाता येत नाही. आणखी एक : 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवा म्हणा. मला गाडी विकणाऱ्याकडं ते नव्हतं, हे नंतर कळलं.

नोटीस गेल्यावर त्यानं निम्मे पैसे द्यायची तयारी दाखवली, गाडी गुपचूप परत करायच्या अटीवर. मी नाही म्हटलं. परत घेतली की तो तीच गाडी पुढच्या पोराला विकणार, आणि तो पोरगा कुठल्यातरी उतारावर पडणार. आयोगात तक्रार दाखल केली आहे.

ज्यांच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे त्यांनी ती धुवू नका, गाळ पुसू नका. उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, त्यात चेसिस नंबर येऊ द्या. काढलेले पार्ट गॅरेजवाल्याकडं सोडू नका. सर्व्हिस सेंटरकडनं लेखी अहवाल घ्या. आणि जे अजून घेणार आहेत त्यांनी विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर एकच ओळ लिहून विचारा : ‘गाडी कधी पुरात किंवा पाण्यात बुडाली होती का?’ तोंडी विचारलेल्याला पुरावा राहत नाही. मी लिहून विचारलं होतं आणि त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला होता, ‘दादा, पाण्याचा थेंब न्हाई लागला.’ तो मेसेज आणि 2021 ची सर्व्हिस सेंटरची नोंद, या दोन गोष्टींवर आमची सगळी तक्रार उभी आहे.