ईएलएम ३२७ ब्लूटूथ अडॅप्टर: कूलंट सेन्सर तपासायला पुरतो का?

सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा उचलत नाही. मायलेज घसरतं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पुष्कळ गॅरेजांत अशा वेळी आधी प्लग बदलतात, मग इंजेक्टर साफ करतात. इंजिनच्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान कूलंट सेन्सर ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) कळवतो. इंजिन तापलेलं असूनही ईसीयूला ते थंडच वाटतंय का, हे आधी बघावं. तेवढ्यासाठी ईसीयूतली माहिती मोबाइलवर दाखवणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा हा अडॅप्टर पुरतो.

अडॅप्टर लावायचं सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली असतं. भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून सांगायची प्रणाली) एप्रिल २०१३पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाडीत अडॅप्टर बोलेलच असं नाही. अँड्रॉइडवर टॉर्क अ‍ॅप चालतं. आयफोनसाठी साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, ब्लूटूथ एलई किंवा वायफायचा घ्या.

अ‍ॅपमध्ये आधी दोषाचे कोड बघा. कूलंट सेन्सरच्या सर्किटसाठी पी०११८ म्हणजे व्होल्टेज जास्त, बहुधा सर्किट तुटलेलं. पी०११७ म्हणजे व्होल्टेज कमी, बहुधा शॉर्ट. पण कोड सर्किटचा दोष सांगतो, सेन्सरचा नव्हे. कोड वाचून लगेच सेन्सर बदलणं ही सर्रास होणारी चूक. खरं काम लाइव्ह डेटाचं, म्हणजे सेन्सरच्या त्या क्षणीच्या आकड्यांचं आहे.

रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंट आणि इनटेक हवेचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) तापमान जवळपास सारखं हवं. १५-२० अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी एक सेन्सर खोटं बोलतोय. मग इंजिन सुरू करा. आकडा सलग चढत ८०-९०च्या घरात स्थिरावला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) सैल आहे, किंवा पिनांवर हिरवा गंज चढलाय. ६५-७०वरच अडकून हायवेला आणखी उतरत असेल तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट रोखणारा व्हॉल्व्ह) उघडा राहिलाय. तिथे सेन्सर निर्दोष.

आता इंजिन बंद, चावी ऑन, सेन्सरचा कपलर काढा: आकडा उणे ४० व्हायला हवा. सेन्सर दोन पिनांचा असेल तरच कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा: आकडा १३०च्या वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. पिना जोडूनही उणे ४०च राहिला तर वायर तुटलीय. काही ईसीयू कपलर काढताच स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतात आणि फॅन सुरू करतात. तिथे मल्टिमीटरच लागतो. बऱ्याच सेन्सरांचा रोध २० अंशांना २ ते ३ किलोओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

उणिवा आहेत. खोक्यावरच्या 'आवृत्ती १.५'वर भुलू नका. मूळ कंपनीने ती काढलीच नव्हती. नकली चिप संथ असते, म्हणून एका वेळी दोनच आकडे लावा. एबीएस, एअरबॅग बहुतेक वेळा दिसत नाहीत. १६ नंबरच्या पिनेला कायम बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा.

सेन्सर बदलायचाच ठरला तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, नव्या ओरिंगसकट (गळती रोखणाऱ्या रबरी रिंगसकट) बदला आणि कूलंटमधली हवा काढा. सेन्सरच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तर नवा सेन्सरही चुकीचाच आकडा देतो.