नव्या वेबसाइटसाठी बॅकलिंक्स किती वेगाने? काही महिने पद्धत पाळल्यानंतरचा अनुभव

सायकल दुरुस्तीवरची माझी वेबसाइट सुरू होऊन बरेच महिने झाले. बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक, विकत घ्यायची नाही, महिन्याचं टार्गेट ठेवायचं नाही आणि लिंक द्यावीशी वाटेल असं पान तयार झाल्यावरच ते लोकांपुढे न्यायचं, ही पद्धत पहिल्यापासून पाळली. ती चालते. पण सुरुवातीचे महिने कस लागतो, हे आधीच सांगतो. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात इंप्रेशन्सची, म्हणजे शोध निकालांत साइट किती वेळा दिसली त्याची, रेषा जमिनीला चिकटलेली असते आणि तेव्हाच 'शेकडो बॅकलिंक्स, हमखास रँकिंग'वाले मेल येऊ लागतात.

अशा एका विक्रेत्याकडून नमुना यादी मागवली. डोमेन ऑथॉरिटीचे आकडे झकास, पण साइट उघडल्या तर एकाच पानावर कर्ज, कॅसिनो, वजन घटवायच्या गोळ्या आणि त्यांच्यामध्ये सायकल! डोमेन ऑथॉरिटी हा साइट शोधात किती वर येईल याचा मॉझ कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. मी नकार कळवला.

खरं काम केलं ते टायरच्या मापांच्या तक्त्याने. टायरवर ४०-६२२ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी, व्यास मात्र दोन्हींचा ६२२च. यात भले भले गोंधळतात. हे सगळं एका पानावर मांडलं आणि सायकलवर आधीपासून लिहिणाऱ्या मोजक्या लोकांना, प्रत्येकाला वेगळं पत्र लिहून पाठवलं. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. काहींनी लिंक दिली आणि त्यानंतर न मागता लिंक्स येऊ लागल्या. कुणी नुसता पत्ता टाकला, कुणी 'हा तक्ता बघा' म्हटलं. अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते ते शब्द, असं आपोआप वेगवेगळं येतं. विकतच्या लिंक्समध्ये तोच कीवर्ड पुन्हा पुन्हा दिसतो.

'दिवसाला किती लिंक्स चालतील?' असं मला बरेच जण विचारतात. गूगलच्या स्पॅम धोरणात असा आकडाच नाही. लिंक कशी मिळाली, हे तिथे महत्त्वाचं: रँकिंगसाठी पैसे देऊन, अतोनात देवाणघेवाण करून की सॉफ्टवेअरने पेरून. एखादं पान गाजलं आणि एका दिवसात ढीगभर लिंक्स आल्या, तर घाबरायचं कारण नाही. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हे गूगलचं बनावट लिंक्स पकडणारं अपडेट आलं तेव्हा लिंक्सचा खेळ करणाऱ्या साइट धडाधड खाली गेल्या. २०१६ पासून पेंग्विन मूळ अल्गोरिदमचा भाग आहे आणि बनावट लिंक्सची किंमतच शून्य करण्यावर त्याचा भर आहे. म्हणजे पैसे पाण्यात. वर मॅन्युअल अ‍ॅक्शनची (गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची) टांगती तलवार राहतेच.

नोफॉलो लिंक, म्हणजे 'रँकिंगसाठी ही धरू नका' अशी गूगलसाठी खूण असलेली लिंक, मी कधी नाकारली नाही. २०१९ पासून गूगल नोफॉलोला आदेश न मानता नुसता संकेत मानतं, आणि वाचक तर क्लिक करताना ते बघतही नाही.

लिंक्स बघायला सर्च कन्सोल पुरतं. 'लेटेस्ट लिंक्स' एक्स्पोर्ट केलं की तारखांसह यादी मिळते. ती उशिरा भरते आणि अपुरी असते, म्हणून रोज उघडून बसू नका.

सध्या चेनची झीज मोजण्यावरचं पान हातात आहे. मापांचे फोटो पूर्ण होईपर्यंत ते कुणालाही पाठवणार नाही.