पुढच्या चाकातले पांढरे केस

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. साधी व्हीलचेअर एकाच हाताने ढकलली तर जागच्या जागी गोल फिरते, म्हणून जॉयस्टिकवाली इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं. डिस्चार्जला दोन दिवस उरले होते. परळला हॉस्पिटलांच्या आसपास सर्जिकलची दुकानं पुष्कळ, त्यातल्याच एकात शिरले.

"ताई, पीस नवाकोरा आहे, फक्त डेमोला वापरलाय. लिथियम बॅटरी. ८० हजारांचा माल, तुम्ही ५२ द्या." गुळगुळीत लादीवर, रिकामी, दोन चकरा मारून दाखवली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "वर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच?" व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के असतो हे मला नंतर कळलं. तेव्हा नऊ-साडेनऊ हजार वाचले या आनंदात मी 'एस्टिमेट' छापलेला कागद पर्समध्ये टाकला. पैसेही दुकानाच्या नावावर गेले नाहीत, कुणा माणसाच्या नावावर गेले. स्क्रीनवर ते नाव मी वाचलं होतं. तरी बटण दाबलंच.

घरी आल्यावर पहिली फजिती लिफ्टची. आमची जुनी जाळीच्या दाराची, दार २३ इंच आणि खुर्ची २५. हा मूर्खपणा माझा, त्यात दुकानदाराला बोल नाही.

चौथ्या दिवशी आई गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारून पॅसेजमध्येच अडकली. चार्जिंगला लावली, तर २० मिनिटांत हिरवा दिवा! मी खूश. खालचा इन्व्हर्टरवाला मात्र हसला. "ताई, बॅटरी मेलीय. तिच्यात करंट मावतच नाही, म्हणून लगेच भरल्यासारखी दिसते." त्याने बॅटरीचा डबा उघडला. आत १२-१२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड. वरचं चकचकीत स्टिकर नखाने सोललं, तर खाली मार्करने लिहिलेली तारीख, तीन वर्षांपूर्वीची. मग त्याने खुर्ची आडवी केली आणि पुढचं छोटं चाक फिरवलं. आसाला काहीतरी दोऱ्यासारखं गुंडाळलेलं होतं. पकडीने ओढलं, तर पांढरे केस. लांबच लांब, कुणा आजींचे. म्हणजे खुर्ची भाड्याने फिरलेली.

"बिचारी," आई एवढंच म्हणाली.

दुकानदार आधी म्हणाला, बॅटरी वॉरंटीत येत नाही. मग फोनच उचलेना. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल नंबर विचारला, सिरियल नंबर विचारला. फ्रेमवर नंबराची पट्टी असते तिथे नुसतं खरवडलेलं. तक्रार नोंदली आहे, अजून काही हललेलं नाही.

हल्ली कुणी खुर्चीबद्दल विचारलं की मी आधी ती आडवी करून चाकं बघायला सांगते. मग बॅटरी, मग माणूस बसवून दुकानाबाहेरच्या चढावर चालवणं. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहिल्याशिवाय पैसे काढायचेच नाहीत. आणि घाई असेल तर मुळात विकत घ्यायचीच कशाला? आपल्याकडे कितीतरी मंडळं आणि ट्रस्ट रुग्णसाहित्य केंद्रं चालवतात. डिपॉझिट भरा, गरज संपली की परत करा. मी आता तिथूनच लहान चाकांची, मागून ढकलायची साधी खुर्ची आणली आहे. टेप घेऊनच गेले होते. लिफ्टमध्ये जाते.