व्यक्तिचित्रं, रेखाटनं की चिनी माती: एका दिवसात काय बघाल?

जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची सगळी दालनं एका दिवसात उरकता येतात, पण बघून होत नाहीत. काय बघायचं ते आधीच ठरवलेलं बरं.

फक्त व्यक्तिचित्रंच हवी असतील तर मी तापी लाइनने (सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेने) बडोद्याला जायला सांगेन. कवळाण्याच्या सयाजीरावांना १८८१ मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, त्याच सुमारास राजा रविवर्मा तिथे आले. त्यांची चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत, सोमवार टाळा.

रेखाटनांची अडचण उजेडाची. कागद प्रकाशाने पिवळा पडतो, शाई उडते, म्हणून दिवे साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. अजिंठ्यात मंद उजेड का, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शिवाय काही महिन्यांनी रेखाटनं उतरवून अंधारात ठेवतात, त्यामुळे एखादं ठरावीक बघायचं असेल तर आधी विचारून निघा.

पण माझा कौल चिनी मातीकडे फिरला तो काचेमुळे. काळपट पार्श्वभूमीचं तैलचित्र काचेआड असलं की त्याचा आरसा होतो. सरदाराच्या पगडीजागी आपलाच चष्मा दिसतो. काच नसली तरी व्हार्निश चमकतंच. बाजूला सरकून तिरकं बघावं, आणि कपडे गडद घालावेत. पांढरा शर्ट सगळ्यात वाईट.

चिनी मातीच्या भांड्यांनाही काच असते, पण त्यांचे भाजलेले रंग उजेडाने उडत नाहीत, त्यामुळे दिवे सढळ लावता येतात. मुंबईतला हा संग्रह मुख्यतः सर रतन आणि सर दोराबजी टाटांचा. निळ्या-पांढऱ्या भांड्यात निळा रंग झिलईच्या खाली असतो, म्हणून तो गुळगुळीत दिसतो. गुलाबी-हिरवा वरून भाजलेला, तिरक्या नजरेला किंचित उठलेला. सोनेरी रंग कडेला आधी झिजतो. खाली वाकून बुडाची बिनझिलईची कडाही बघा. तळाचा शिक्का मात्र बहुधा दिसत नाही, ही खंत राहतेच. आणि सात्सुमा या जपानी भांड्यांना पोर्सेलिन, म्हणजे चिनी माती, समजू नका. त्या पिवळसर झिलईवर बारीक भेगांचं जाळं असतं.

सोबत चित्रकला शिकणारं पोर असेल तर मात्र आधी रेखाटनं. पुसलेली, बदललेली रेघ तिथेच सापडते. नाहीतर सकाळी, पाय ताजे असताना, थेट चिनी मातीच्या दालनात.