वीस तास वाचलं आणि वर तीस हजार भरले

आवाज, चित्रं, हस्ताक्षर, अनुवाद, जे काही हातात आहे त्यावर घरबसल्या चार पैसे मिळवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑडिओबुक वाचायच्या खोट्या कामात माझे २९,८९९ रुपये गेले. त्यातले ९,००० परत आले, ते कसे आले तेही सांगते.

मी सांगलीची. पाचवी ते दहावीच्या मुलांच्या मराठी-इतिहासाच्या शिकवण्या घेते. पूर्वी चार वर्षं आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर नैमित्तिक निवेदक होते. मुलगा झाला, ते सुटलं, आणि सोळा वर्षं माइकसमोर बसले नाही. गेल्या काही वर्षांत मराठीत ऑडिओबुकं आली, माणसं स्वयंपाक करताना, गाडी चालवताना पुस्तकं ऐकायला लागली. कुणीतरी ती वाचतं, त्याला पैसे मिळतात, हे कळल्यावर आपणही करावं असं वाटायला लागलं. ३,२०० रुपयांचा माइक घेतला. शयनगृहातलं लाकडी कपाट अर्धं रिकामं केलं, आत दोन गोधड्या टांगल्या आणि तिथे बसून वाचायला लागले.

जून २०२५ मध्ये फोनवर जाहिरात दिसली. 'मराठी ऑडिओबुकसाठी आवाज हवे. अनुभवाची अट नाही. तयार तासाला २,८०० रुपये.' तयार तास म्हणजे चुका, थांबे, खोकला सगळं कापून उरलेलं एक तासाचं वाचन. मी व्हॉट्सॲपवर नाव कळवलं. चाचणीसाठी एक उतारा आला, आजी आणि नातवाची गोष्ट. त्यात 'आशीर्वाद' हा शब्द 'आर्शीवाद' असा छापला होता. मी बरोबर उच्चारून वाचला आणि चूकही कळवली. एचआर मॅडमचा लगेच फोन आला. म्हणाल्या, "आजवर कुणालाच ही चूक दिसली नव्हती. तुमचा ळ किती स्वच्छ आहे! आमच्या प्रोजेक्ट हेड सरांनी दोनदा ऐकलं."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. फसवणुकीच्या बातम्यांखाली लोक लिहितात, हाव नडली. मला पैशांची हाव सुटली नव्हती. सोळा वर्षांत कुणी माझ्या आवाजाबद्दल एक शब्द बोललं नव्हतं, आणि ही बाई माझ्या 'ळ'बद्दल बोलत होती. त्या माणसांना हे नेमकं ठाऊक असतं. कला असलेला माणूस पैशांआधी दाद मागतो, आणि ती देण्यात त्यांचा एक रुपयाही खर्च होत नाही.

निवड झाल्यावर 'व्हॉइस सर्टिफिकेशन'चे २,४९९ रुपये मागितले. पहिल्या मानधनात परत मिळतील म्हणाले. क्यूआर कोड स्कॅन केला तर पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर "ते आमचे अकाउंटंट" असं उत्तर आलं. मी भरले. माझी पहिली चूक ही. ज्याला माझं काम विकत घ्यायचंय तो मलाच पैसे का मागतोय, हा साधा प्रश्न मी मनातसुद्धा विचारला नाही.

मग करार आला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरचा फोटो, त्यावर नऊ पानं. पंधरा दिवसांत वीस तयार तास द्यायचे. अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली तर मानधन नाही, आणि काम अर्धवट सोडलं तर ४८,००० रुपये दंड. मी फोनवरच बोटाने सही केली आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला.

आता हिशोब बघा, जो मी तेव्हा केला नाही. एक तयार तास मिळवायला मला तीन तास लागतात. वीस तासांना साठ. पंधरा दिवसांत रोज चार तास. शिकवण्या सुटणार साडेआठला, मग स्वयंपाक, जेवणं, भांडी. शेजारचा मिक्सर आणि टीव्ही बंद व्हायला अकरा वाजायचे. त्यात पाऊस. शेजारच्या शेडच्या पत्र्यावर सर आली की कपाटातही ढोल वाजल्यासारखं ऐकू यायचं, मग हेडफोन गळ्यात टाकून सर जायची वाट बघत बसायचं. पंखा लावता येत नव्हता. रात्री तीनला बाहेर यायचे तेव्हा ब्लाउज अंगाला चिकटलेला असायचा. मिस्टर साखर कारखान्यात पाळीला असायचे, त्यांना वाटायचं मी हौस म्हणून करतेय. मजकूरही कसला, तर मशीनने केलेलं भाषांतर. तरी मी प्रत्येक वाक्य सरळ करून वाचलं. चौदाव्या रात्री विसावा तास पाठवला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, 'अचूकता ८७.६ टक्के, काम नामंजूर.' कुठे चुकलं, किती मिनिटांवर चुकलं, काहीही नाही. पुढे मला खरं काम मिळालं तेव्हा खरा तपासणीचा कागद कसा असतो ते कळलं. त्यात वेळ लिहिलेली असते. बारा मिनिटं चाळीस सेकंदांवर 'जहाज'मधला पहिला ज चुकला, एकोणीस मिनिटांवर पान उलटल्याचा आवाज आलाय, असं. ज्याने ऐकलंय तो बोट ठेवून दाखवतो. यांनी माझा एक तासही ऐकला नसणार.

पुन्हा संधी हवी तर ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० भरा म्हणाले. साठ तासांची मेहनत डोळ्यांसमोर होती, ती पाण्यात जाऊ नये म्हणून भरले. पावती आली. तिच्यावर पुण्याचा पत्ता होता आणि जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होत होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७, आणि ०९ उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. हे मला फार उशिरा समजलं.

नव्याने काम करायला अंगात बळ उरलं नव्हतं. मी कळवलं, नको मला काम, पैसेही नकोत. पाचव्या दिवशी सकाळी पावणेआठला व्हॉट्सॲपवर नोटीस आली. वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली 'लीगल सेल', आत लाल अक्षरांत 'भा.दं.वि. ४२० अन्वये अजामीनपात्र गुन्हा'. पाठोपाठ एका माणसाचा फोन. "मॅडम, करार मोडलाय तुम्ही. उद्या लोकल पोलीस घरी येतील. तुमचं आधार आमच्याकडे आहे. मिटवायचं असेल तर दंड कमी करून १२,५०० मध्ये मिटवतो."

मुलगा बारावीला. समोरच्या खोलीत संध्याकाळी अठरा मुलं बसतात, त्यांचे आईवडील दारात येतात. त्या दारात पोलीस उभा राहिला तर, एवढंच डोक्यात होतं. नुकतीच भिशी लागली होती, ते पैसे मिस्टरांना न सांगता पाठवले. आठवड्याने पुन्हा फोन. केस बंद झाल्याचं एनओसी हवं तर ९,००० भरा, नाहीतर फाइल उघडीच राहील. शुक्रवारी सकाळी तेही भरले. आधीचे ८,३९९ कामाच्या आशेने गेले होते. भीतीने त्याच्या अडीचपट गेले.

त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीचे वडील तिला न्यायला आले. ते कोर्टात वकिली करतात. मी दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं सांगून त्यांना नोटीस दाखवली. त्यांनी दारातच चष्मा वर करून वाचली आणि विचारलं, "बाई, ही आली कुणाला?" मला बोलता येईना. ते आत येऊन बसले.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ही नोटीस उद्या तुमच्या फोनवर येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता (म्हणजेच भा.दं.वि.) जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. वर्षभरानंतर घडलेल्या गोष्टीसाठी कुठला वकील ४२० लावेल? वकिलाच्या नोटिशीवर त्याचं नाव आणि पत्ता असतो, वकिलीच्या सनदेचा क्रमांक विचारला तर तो देतो, आणि राजमुद्रा वापरायचा त्याला अधिकारच नाही. करार मोडणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. आणि करारात ४८,००० लिहिले म्हणून तेवढे द्यावेच लागतात असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, ती रक्कम ही फक्त वरची मर्यादा. स्टॅम्पपेपर पाहून ते म्हणाले, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारांना किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, हा शंभराचा आला कुठून?

मग त्यांनी मला माझाच फोन हातात दिला आणि १९३० लावायला लावलं. सायबर फसवणुकीची ही देशभराची हेल्पलाइन. फोनवरच्या माणसाने रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला. तो यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. सकाळचे ९,००० अजून त्या खात्यातच होते, ते तिथेच गोठवले गेले. आधीच्या तीन रकमा केव्हाच काढून नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, कोर्टात अर्ज केला, आणि नोव्हेंबरमध्ये ९,००० परत खात्यात आले. पहिल्या दिवशीच फोन केला असता तर २,४९९ वरच थांबलं असतं. लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोचलेले असतात.

मिस्टरांना त्या रात्री सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भिशीचं नाही गं, रात्री तीनपर्यंत बसायचीस त्याचं वाईट वाटतं."

पैशांपेक्षा मला आजही जाचते ती दुसरी गोष्ट. माझं वीस तासांचं स्वच्छ वाचन त्या लोकांकडे आहे. आता थोड्याशा नमुन्यावरून मशीन कुणाचाही आवाज बनवतं. म्हणून मी घरात, बहिणींना, भावजयीला सांगून ठेवलंय, माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर आधी आमच्या आजीचं माहेर विचारा.

ओळखीतल्या एका मुलीला याच सुमारास 'यूट्यूबचे ४,००० तास भरून देतो, ६,००० द्या' असा निरोप आला होता. तिच्यासाठी मी माहिती काढली. जाहिरातींचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे ४,००० तास लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या व्हिडिओंना, एक कोटी व्ह्यूज. अर्ज करायला यूट्यूब एक पैसा घेत नाही. विकत घेतलेले तास पकडले गेले तर ते धरले जात नाहीत, वर चॅनेलही जाऊ शकतं. तिने भरले नाहीत.

काम मी सोडलं नाही. ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेच्या फोनवरचा संदेश वाचला, १,५०० मिळाले. मग जवळच्या एका गावच्या घंटागाडीसाठी ओला कचरा-सुका कचऱ्याची सूचना. आता नमुना मागितला तर एक मिनिटाचाच देते आणि खाली बारीक संगीत ठेवते, म्हणजे तो तसाच उचलून वापरता येत नाही. अर्धे पैसे आधी घेते. हे सांगताना सुरुवातीला जीभ अडखळायची. पण ज्यांना खरंच काम हवं होतं त्यांतलं कुणी यावर अडलं नाही. पतसंस्थेच्या मॅनेजरांनी तर मीच विसरले होते तेव्हा विचारलं, "ॲडव्हान्स किती पाठवू?"

गेल्या आठवड्यात बहिणीने मला एक जाहिरात पाठवली, "तुझ्यासारखंच काम आहे बघ" म्हणून. नाव वेगळं, लोगो वेगळा, दर तयार तासाला ३,२००. चाचणीचा उतारा मात्र तोच, आजी आणि नातवाचा. तिसऱ्या ओळीत अजूनही 'आर्शीवाद' आहे. तो शब्द असलेला उतारा तुमच्याकडे आला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर पोलिसांना कळवा.