रिसेल फ्लॅटची तपासणी: कंपनीकडून करावी की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून?

रिसेलचा फ्लॅट मनात भरला, वकिलांनी मालकीहक्क तपासून सर्च रिपोर्ट दिला, भोगवटा प्रमाणपत्र बघून झालं, विकणाऱ्याची सोसायटीत थकबाकी नाही हेही कळलं. आता उरते ती प्रत्यक्ष बांधकामाची तपासणी. त्यासाठी हल्ली दोन वाटा आहेत. होम इन्स्पेक्शन करणाऱ्या कंपनीची टीम बोलवायची, किंवा स्वतंत्र काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठायचा. ठाण्यात नव्वदच्या दशकातल्या एका इमारतीत घर घेताना मी एकाच फ्लॅटसाठी दोन्ही केलं. त्यामुळे निदान शेजारीशेजारी ठेवून बोलता येईल.

‘बँकेचा माणूस बघून जातोच की’ असं सांगणारे खूप भेटतात. त्याला या हिशेबात धरू नका. बँकेचा व्हॅल्युअर तारण म्हणून घराची किंमत काय, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, एवढं बघतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. बाथरूममागच्या भिंतीला ओल आहे का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

आधी कंपनीबद्दल. मुलं वेळेवर आली, नीट बोलली आणि मनापासून काम केलं. भिंतीला लावायचा मॉइश्चर मीटर, थर्मल कॅमेरा, लेझर लेव्हल, सगळं सोबत होतं. एकेक टाइल ठोकून पोकळ कुठे वाजते ते बघितलं, बाथरूममध्ये पाणी ओतून उतार तपासला, प्रत्येक प्लग टेस्टरने पाहिला. गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं, हे त्यांच्यामुळे कळलं. इंजिनिअरने वायरिंगकडे बघितलंही नसतं. मग फोटोंसकट छापील अहवाल आला. दुबईत किंवा अमेरिकेत बसून इथे घर घेणाऱ्याला असा अहवाल फार आधार देतो, हे मान्य करायला हवं.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल एक सांगून ठेवतो. तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. भिंत ओली असेल तर तो भाग थोडा गार राहतो आणि पडद्यावर वेगळा दिसतो. एप्रिल-मे मध्ये कोरडी पडलेली भिंत त्यात अगदी निर्दोष दिसू शकते. जमलं तर तपासणी पावसाळ्यात, किंवा पाऊस सरल्यावर लगेच करा.

आता मला खटकलेली गोष्ट. ही टीम फ्लॅटच्या दाराबाहेर पडली नाही. पार्किंग, गच्ची, डक्ट (इमारतीचे पाइप जातात ती उभी मोकळी जागा), पाण्याची टाकी यांतलं काहीच त्यांनी बघितलं नाही. विचारल्यावर नम्रपणे उत्तर मिळालं, “सर, सोसायटीचा भाग आमच्या स्कोपमध्ये येत नाही.” त्यांच्या बाजूने ते बरोबर असेल. करारात तसं लिहिलेलंही होतं. पण तीस वर्षांच्या आसपासच्या इमारतीत मला ज्याची काळजी होती ते सगळं दाराबाहेरच होतं. फ्लॅट आपल्या नावावर होतो, पण तो उभा असतो खालच्या कॉलमवर. तो कॉलम दुरुस्त करायची वेळ आली की वर्गणी आपल्यालाही पडतेच.

अहवालात पॅसेजच्या छतावरच्या डागाचा फोटो होता, मीटरचं रीडिंग होतं आणि शेजारी ‘ओलावा जास्त’ असा शेरा. ओल कुठून येते, ती कोणी थांबवायची, खर्च कोणाचा, यातलं काहीच नाही. त्याच पानावर त्याच लाल रंगात खिडकीच्या ग्रिलवरचा ओरखडा. घर घ्यावं की नाही, हे त्या पानावरून ठरवता येईना.

म्हणून मग इंजिनिअर बोलावले. साठीच्या आसपासचे गृहस्थ, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी आणि टॉर्च. मी लिफ्टकडे निघालो तर म्हणाले, “फ्लॅट नंतर. आधी खाली बघू.” पार्किंगमधल्या एका कॉलमच्या कोपऱ्याला उभी भेग होती आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरलेला. मी त्या कॉलमजवळून अनेकदा गेलो होतो. त्यांनी हातोडीने वरून खाली हलकं ठोकत नेलं. वरच्या भागात आवाज टणक होता, भेगेजवळ येताच बद्द झाला. मग समजावलं, “आतली सळई गंजते तेव्हा गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो बाहेरच्या काँक्रीटला ढकलतो, म्हणून भेग सळईच्या रेषेतच पडते. आडवी-तिडवी बारीक भेग प्लास्टरची असते, तिला घाबरू नका. ही बघा, हिचा खर्च आहे.” बाकीचे कॉलमही त्यांनी तसेच ठोकून पाहिले. बहुतेक चांगले निघाले.

मग गच्चीवर कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला थर), कठड्याचा सांधा, पावसाळी पाइपांची तोंडं. मागच्या डक्टमध्ये ड्रेनेजच्या पाइपाशेजारी पिंपळाचं रोप भिंतीत शिरलेलं होतं, तेही दाखवलं. फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी ताज्या रंगाकडे लक्षच दिलं नाही. हॉलच्या पीओपी सीलिंगमधला एक दिवा घरमालकांच्या परवानगीने खाली ओढला आणि त्या भोकातून टॉर्च मारून मूळ स्लॅब बघितला. पॅसेजच्या डागासाठी थेट वरच्या मजल्यावर गेले. “काकू, दोन मिनिटं बाथरूम बघू का?” काकूंनी बघू दिलं. नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे फरशीतलं पाणी जातं त्या तोंडाभोवतीचा सांधा सुटलेला होता.

त्यामुळे सगळं चित्र बदललं. गच्चीतून गळणारं पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या बाथरूममधून खाली येणारं पाणी हा त्या दोन सदस्यांमधला मामला. म्हणजे सोसायटीकडे अर्ज देऊन वाट बघण्यात अर्थ नव्हता. विकणाऱ्याने काकूंशी बोलून साठेखताआधी ते काम करून घ्यावं, असं ठरलं आणि तसं झालं.

इंजिनिअरांनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा अहवालही मागून घेतला. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हावं, असं उपविधींत आहे. ऑडिटमध्ये इमारतीला मिळालेली श्रेणी सी-१ आहे की सी-३, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. हा अहवाल आपल्यालाही मागता येतो, पण त्यातले तक्ते वाचून ‘मोठी दुरुस्ती दोन-चार वर्षांत निघणार, माणशी वर्गणी बसेल, ती भावात धरा’ असं एका वाक्यात सांगायला जाणकारच लागतो.

त्यांच्याकडेही उणिवा आहेत. तारीख दोनदा पुढे ढकलली. लेखी अहवाल दीड पानाचा, फोटो मीच माझ्या फोनवर काढलेले. भाव कमी करायला बसलो तेव्हा एजंटसमोर कंपनीचा गुळगुळीत अहवाल जास्त वजनदार ठरला, हेही खरं. वायरिंगसाठी वेगळा वायरमन लागतोच. आणि प्रत्येक इंजिनिअर असा गच्ची-पार्किंग फिरेल असंही नाही. माझा अनुभव एका घरापुरताच आहे.

नव्या इमारतीत ताबा घेत असाल तर मी बिनदिक्कत कंपनी सुचवीन. रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा) कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तिथे तारखेसकट फोटो आणि लांबलचक यादी हीच तुमची ताकद. रिसेलमध्ये बिल्डर बहुतेक वेळा चित्रात नसतोच. विकणाऱ्याने त्याला ठाऊक असलेले दोष सांगावेत, असं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, पण ते साध्या दक्षतेने खरेदीदाराला कळू न शकणाऱ्या दोषांपुरतं. पार्किंगमधली उघडी भेग त्यात बसवणं अवघड. ती आपणच बघायची. म्हणून वीसेक वर्षांपुढच्या इमारतीसाठी माझं मत इंजिनिअरकडे झुकतं. पैशांची सोय असेल तर दोन्ही करा. घराच्या किमतीपुढे दोन्हींची फी किरकोळच आहे. पण एकच करायचं असेल तर इंजिनिअर.

बोलावताना एवढं बघा. एजंटने सुचवलेला नको आणि त्या सोसायटीचं ऑडिट किंवा दुरुस्तीचं काम करणाराही नको. पार्किंग, गच्ची, डक्ट आणि वरचा फ्लॅट बघणार का, हे फोनवरच विचारून घ्या. भाव तोंडी ठरल्यावर पण इसार देण्याआधीची वेळ सगळ्यात बरी. तेव्हा विकणाऱ्यालाही व्यवहार व्हावा असं वाटत असतं, त्यामुळे सीलिंगमधला दिवा उतरवायला तो सहसा नाही म्हणत नाही. सेक्रेटरींना आदल्या दिवशी फोन करून गच्चीची किल्ली आणि ऑडिटची फाइल मागून ठेवा.