सांडवा की दरवाजा? जेट बोटीच्या इंजिनासाठी घेतलेल्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचे परीक्षण

तळहातावर मावेल एवढा, गनमेटलचा ओतीव, दोन्ही तोंडांना एक इंची आटे असलेला आणि आत स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग बसवलेला हा व्हॉल्व्ह मी गेल्या वर्षी सुमारे १४० डॉलरना विकत घेतला. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात) ते थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की जादा पाणी परस्पर बोटीबाहेर सोडून देणे, एवढेच त्याचे काम आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच रचनेचे व्हॉल्व्ह एकाहून अधिक कंपन्या बनवतात आणि माझ्या तक्रारी मूळ व्हॉल्व्हपेक्षा त्याच्यासोबत आलेल्या सुट्या भागांविषयी आणि सूचनापत्रकाविषयी अधिक आहेत. दोन हंगाम तो वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

माझी बोट १८ फुटी, १९७० च्या दशकातील, आणि तिच्यात ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचे शेव्हरोले बिग ब्लॉक इंजिन बर्कली कंपनीच्या जेट पंपाला, म्हणजे पाणी ओढून झोताने मागे फेकत बोट पुढे ढकलणाऱ्या पंपाला, थेट जोडलेले आहे. ती चालते ती अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर पार्कर धरणामुळे तयार झालेल्या हवासू जलाशयात. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी उथळ नद्यांसाठी विकसित केलेल्या जेट बोटी १९६० साली याच नदीच्या उलट्या प्रवाहात ग्रँड कॅन्यनमधून वर गेल्या होत्या, त्यामुळे या पाण्याचे आणि या प्रकारच्या बोटींचे नाते जुने आहे. फिनिक्समधील नोकरदार मराठी माणसाने असल्या बोटीच्या नादी का लागावे, हा प्रश्न घरात अनेकदा विचारला गेला असून त्याचे उत्तर या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहे.

अशा बोटींत इंजिन थंड ठेवण्यासाठी बहुधा वेगळा पंप नसतो. बोट पुढे ढकलणाऱ्या जेट पंपाच्याच भांड्यावर एक नळी काढून ते पाणी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यांभोवतीच्या वाटेतून), मग ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधून फिरवतात आणि शेवटी वरच्या थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या झडपेच्या) घरातून बाहेर सोडतात. ही रचना साधी आणि स्वस्त आहे, मात्र तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. सेंट्रिफ्युगल पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि जेट पंपही ढोबळमानाने याच नियमाने चालतो. माझे इंजिन निष्क्रिय वेगाला मिनिटाला ८०० आणि पूर्ण थ्रॉटलला ४८०० फेरे घेते. फेरे सहापट झाले की दाब छत्तीसपट होतो. पंपाच्या तोंडाशी मीटर लावून पाहिले तेव्हा पूर्ण थ्रॉटलला काटा ८० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला ८० पौंडांच्या) पुढे गेला. आपल्याकडच्या बोलण्यात सांगायचे तर हा साडेपाच किलोहून जास्त दाब झाला, आणि तो इंजिनाच्या गॅस्केटांनी व फ्रीझ प्लगांनी (ब्लॉकची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या बुचांनी) सोसावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

जुन्या मालकाने यावर सर्वांत प्रचलित उपाय केला होता. त्याने पंपाकडून इंजिनाकडे येणाऱ्या नळीवर हाताने फिरवायचा एक गेट व्हॉल्व्ह बसवला होता आणि पूर्ण थ्रॉटलला ब्लॉकमधील दाब २४ पीएसआय राहील इतपत तो चेपून ठेवला होता. वरवर पाहता यात चूक काही नाही. पण गेट व्हॉल्व्ह हा एकाच जागी अडकलेला दरवाजा आहे. त्याला फेरे कळत नाहीत. २४ पीएसआयचा छत्तिसावा भाग काढला तर निष्क्रिय वेगाला ब्लॉकमध्ये ०.६७ पीएसआय उरतो, म्हणजे सुमारे ४७ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. माझ्या बोटीत थर्मोस्टॅटचे घर पाण्याच्या पातळीपासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. याचा अर्थ असा की बोट हळू चालत असताना पाणी इंजिनाच्या माथ्यापर्यंत जेमतेम पोहोचत होते, आणि ज्या हेडमध्ये सर्वाधिक उष्णता साठलेली असते तिथेच हवेचे आणि वाफेचे फुगे अडकून राहत होते.

हे कागदावरचे गणित हवासूवर कसे अंगावर येते, ते तिथे गेलेल्यांना ठाऊक असेल. १८३१ साली थेम्सवर उभारलेला लंडनचा पूल दगड-दगड सुटा करून इथे आणला गेला आणि १९७१ मध्ये खुला झाला. त्याच्या खालून काढलेल्या कालव्यात लाटा उठतील अशा वेगाने बोट चालवण्यास मनाई आहे. मोकळ्या जलाशयात इंजिन चांगले तापवून, जुलैच्या ४५ अंशांच्या उन्हात, त्या कालव्यातून रांगेने सरपटत जाताना माझा तापमापक दर वेळी ९० अंशांकडे सरकत असे. त्यावर मी एक अविचारी उपाय केला, तो म्हणजे गेट व्हॉल्व्ह आणखी उघडणे. कालव्यातील तापमान सुधारले. बाहेर पडल्यावर मात्र व्हॉल्व्ह पुन्हा चेपायचे विसरलो, थ्रॉटल दाबला, दाब ४५ पीएसआयवर गेला आणि इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटने हात टेकले. डिपस्टिक काढली तेव्हा तिच्यावर दुधाळ चहाच्या रंगाचे तेल होते, म्हणजे तेलात पाणी शिरले होते. इंजिन उघडावे लागले नाही, हे नशीब. गॅस्केट बदलून आणि तीनदा तेल बदलून निभावले.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना यावरचा खरा उपाय समजावून सांगण्याची गरज नाही. मोटर मोठी आणि सुरू असलेले क्षेत्र लहान असेल तर आपण मुख्य व्हॉल्व्ह आवळून भागवत नाही. बायपास उघडून जादा पाणी परत विहिरीत सोडतो, आणि लॅटरलना, म्हणजे पिकाच्या ओळींतल्या बारीक नळ्यांना, हवा तेवढाच दाब मिळतो. रिलीफ व्हॉल्व्ह हा असा बायपास आहे, फक्त तो स्वतःहून उघडतो आणि स्वतःहून मिटतो. पुरवठ्याची वाट पूर्ण मोकळी ठेवायची, म्हणजे निष्क्रिय वेगाला पंपाचा जो काही दोन-सव्वादोन पीएसआयचा दाब आहे तो अडथळ्याविना इंजिनाकडे जातो. आणि फेरे वाढून दाब चढू लागला की स्प्रिंग दबते आणि धरणाच्या सांडव्याप्रमाणे जादा पाणी बाजूने निघून जाते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. ओतकाम स्वच्छ आहे, आटे नेमके आहेत आणि दाब ठरवण्याच्या स्क्रूला चेक नट आहे, ही जमेची बाजू. व्हॉल्व्ह इंजिनाच्या आधी, पुरवठ्याच्या नळीवर टी (तीन तोंडांचा जोड) घालून बसवायचा असतो. सूचनापत्रकात दाबाचा मीटरही त्याच टीवर लावण्यास सांगितले आहे, आणि इथे माझा ठाम मतभेद आहे. पुरवठ्याच्या नळीतील दाब हा ब्लॉकमधील दाब नव्हे. मधल्या मॅनिफोल्डमध्ये आणि वळणांत तो घटतो, आणि मॅनिफोल्ड गाळाने चोंदला तर नळीत दाब भरपूर दिसूनही ब्लॉक उपाशी राहतो. मी मीटरची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या पाण्याच्या वाटेवरून घेतली आहे. पेटीतला मीटरही वापरला नाही, कारण तो कोरडा होता आणि इंजिनाच्या थरथरीने त्याचा काटा इतका नाचत असे की १० आणि २० यांतला फरकही ओळखू येईना. ग्लिसरीन भरलेला मीटर वेगळा घेतल्यावर वाचन स्थिर झाले.

सर्वांत गंभीर दोष मात्र एका क्षुल्लक दिसणाऱ्या तुकड्यात निघाला. व्हॉल्व्हचे तोंड एक इंची असले तरी सांडलेले पाणी बाहेर नेण्यासाठी सोबत दिलेला एल्बो (काटकोनी जोड) पाऊण इंची आहे. पाऊण इंची भोकाचे क्षेत्रफळ एक इंचीच्या जेमतेम ५६ टक्के भरते. स्प्रिंग १२ पीएसआयला उघडेल अशी लावूनही पूर्ण थ्रॉटलला ब्लॉकमधील दाब २६ वर जात होता. दोन आठवडे मी स्प्रिंगला दोष देत राहिलो, स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत राहिलो, आणि त्यामुळे मधल्या वेगाला पाणी विनाकारण वाया जाऊ लागले एवढेच. शेवटी एल्बो काढून टाकला, पूर्ण एक इंची होज पाइप कमीत कमी वळणांनी बाहेर नेला, आणि तोच दाब १८ वर स्थिरावला. सांडवा कितीही उत्तम बांधला तरी त्याच्या पुढचा नाला अरुंद असेल तर पाणी मागे तुंबतेच. हे उत्पादकाला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे, त्यामुळे हा एल्बो केवळ काही डॉलर वाचवण्यासाठी दिला असावा असा माझा समज आहे.

१२ ला उघडणारा व्हॉल्व्ह १८ पर्यंत दाब का चढू देतो, असे काही जण विचारतील. तो दोष नाही. झडप उचलण्यासाठी १२ पुरतात, पण पूर्ण थ्रॉटलचे सगळे जादा पाणी जाऊ द्यायचे तर ती आणखी वर उचलावी लागते, त्यासाठी स्प्रिंग आणखी दाबावी लागते, आणि तो दाब पाण्यातूनच यावा लागतो. म्हणून स्क्रू फिरवताना उघडण्याचा आकडा न पाहता पूर्ण थ्रॉटलचा आकडा पाहावा. कारखान्यातून व्हॉल्व्ह २५ पीएसआयला लावून येतो, तो माझ्या मते या इंजिनासाठी बराच जास्त आहे. मी पूर्ण थ्रॉटलला २० च्या आत राहणे पसंत करतो. आज माझ्याकडे निष्क्रिय वेगाला सुमारे दीड, ३००० फेऱ्यांना १३ आणि ४८०० ला १८ असे वाचन मिळते. कालव्यातील रांगेत तापमान ७५ अंशांच्या पुढे गेलेले नाही.

२६०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे झडप उघडू की नको या सीमेवर असताना, ती सीटवर (मिटल्यावर ज्या कडेवर टेकते तिच्यावर) टकटक करते आणि तो आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा इंजिनाच्या आतला टॅपेट गेला असे वाटून माझ्या पोटात गोळा आला होता. फेरे थोडे वरखाली केले की तो थांबतो, आणि दोन हंगामांनंतर सीट तपासली असता तिच्यावर झीज आढळली नाही. वाळूचा उपद्रव मात्र खरा आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जेट पंप तळाची वाळू ओढतो, आणि एखादा खडा सीटवर बसला की झडप पूर्ण मिटत नाही. मग निष्क्रिय वेगाला असलेले थोडेसे पाणीही सांडून जाते आणि आपण मूळ दुखण्यावर परत येतो. व्हॉल्व्हच्या आधी गाळणी लावणे सूचनापत्रकात ऐच्छिक म्हटले आहे. मी ते अनिवार्य म्हणेन. सांडणाऱ्या पाण्याचे तोंडही पाण्याच्या पातळीच्या वर, चालकाला मान वळवून दिसेल अशा जागी काढावे. निष्क्रिय वेगाला तिथून धार लागलेली दिसली की खडा अडकला हे मीटरआधी डोळ्यांना कळते.

या व्हॉल्व्हमुळे झालेला मोठा लाभ मी अपेक्षिला नव्हता. आतापर्यंत माझ्या इंजिनात थर्मोस्टॅट नव्हता, कारण तो मिटला की बाहेर जाण्याची वाट बंद होऊन ब्लॉकमधील दाब पंपाच्या दाबाच्या दिशेने झेप घेतो. परिणामी मोकळ्या पाण्यात वेगाने जाताना इंजिन ४५ अंशांवरच गारठलेले राहत असे, आणि इतक्या थंड इंजिनात इंधन नीट वाफ न होता सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते. सांडवा असल्याने आता ६० अंशांचा थर्मोस्टॅट, त्याच्या चकतीला हवा निघण्यापुरती दोन लहान छिद्रे पाडून, निर्धास्तपणे बसवता आला. तेल बदलताना येणारा पेट्रोलचा वास या हंगामात आलेला नाही.

जेट पंप नसलेल्या, पण तळाच्या किंवा ड्राइव्हच्या तोंडातून थेट पाणी घेणाऱ्या वेगवान बोटींच्या मालकांनीही याचा विचार करावा. तिथे दाब बोटीच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० मैलांना समोरून येणारे पाणी सुमारे १३ पीएसआयचा दाब देऊ शकते, ६० मैलांना ५२ आणि ८० मैलांना ९० हून अधिक. ताशी ३५ मैलांच्या पुढे न जाणाऱ्या कौटुंबिक बोटीला, ज्यात रबरी इम्पेलरचा (फिरत्या पात्यांचा) वेगळा पंप आहे, हा खर्च करण्याचे काही कारण नाही.

एक सुधारणा उत्पादकाने करावी अशी मनापासून इच्छा आहे. २००७ पासून हवासूत बोटींतल्या पाण्यातून दुसरीकडे पसरू शकणाऱ्या क्वॅगा शिंपल्यांचा प्रादुर्भाव आहे, आणि जलाशयातून बाहेर पडताना बोटीतील सर्व पाणी काढून ती स्वच्छ व कोरडी करणे बंधनकारक आहे. या व्हॉल्व्हच्या झडपेमागे चमचाभर पाणी अडकून राहते आणि ते काढण्यासाठी तळाला एखादा बूच दिलेला नाही. मी स्वतः तिथे पाव इंची भोक पाडून, आटे मारून पितळी बूच बसवला. त्यासाठी वॉरंटी सोडून द्यावी लागली.